दिराचं वॉशिंग सेंटर

डोणगावात आमच्या घरामागून नाला वाहतो. काठावरच्या विहिरीला त्याच्यामुळेच पाणी राहतं आणि त्या विहिरीवर अर्धी गल्ली जगते. म्हणून आम्ही काही बायका-माणसं दर रविवारी सकाळी नाल्यात उतरू लागलो. प्लास्टिक, थर्माकोल, फाटक्या चपला, सुकलेले हार, सगळं ओढून काढायचो. घरातही मी नियम घातले. कपडे खळबळलेलं पाणी संडासाला, भाजी धुतलेलं परसातल्या वांग्यांना. सासूबाई आधी कुरकुरल्या, मग माझ्यापेक्षा कडक झाल्या.

एका रविवारी पाण्यावर जांभळट तवंग दिसला. आम्ही कडेकडेनं वर चालत गेलो. बाभळीआडून एक पाइप बाहेर आला होता आणि त्यातून काळं, डिझेलच्या वासाचं पाणी गळत होतं. वर माझ्या धाकट्या दिराचं वॉशिंग सेंटर. ट्रॅक्टर, मोटरसायकली, कधी मेहकरहून आलेली जीप तिथं धुतली जायची. हा पाइप मलाही ठाऊक नव्हता, पण त्यावर कोणाचा विश्वास बसला असेल असं वाटत नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. आमच्यातले सर्वांत मोठे, दवाखान्यातून निवृत्त झालेले काका म्हणाले, "बाई, हे तुमीच घरी सांगा."

दुपारी दीर जेवायला आला. भाकर वाढता वाढता मी म्हटलं, "भाऊजी, सेंटरचं पाणी नाल्यात जाऊन राह्यलं. एक खड्डा खोदा ना, तेल तिथंच अडवता येते."

त्याचा घास हातातच राहिला. "वहिनी, गावातल्या साऱ्या मोऱ्या नाल्यातच येतात. त्या दिसत नाहीत तुमाले? माह्याच पोटावर काऊन पाय देता?"

जाऊ माझ्याकडे रोखून बघत होती. सासूबाई म्हणाल्या, "जेवू दे त्याले."

नंतर विचारलं की तो "करतो" म्हणायचा. खड्डा काही झाला नाही. मग विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला. शेजारीण भरलेली कळशी घेऊन आली आणि माझ्या नाकाशी धरून म्हणाली, "हुंगून पाह्य." आमच्या रविवारच्या लोकांनी विषय ग्रामसभेत न्यायचं ठरवलं. नवरा म्हणाला, "तू त्या दिवशी घरीच राह्य."

मी गेले. सरपंचांनी विचारलं, "पाइप कोणी पाह्यला?" मी उभी राहिले आणि कुठं पाहिला, कोणाचा, ते सांगितलं. मागं कोणीतरी हसलं.

खड्डा होईपर्यंत सेंटर बंद ठेवायचं ठरलं. दिरानं स्वतःच कुदळ घेतली. खाली मुरूम लागला, काम लांबलं. मी चहा पाठवला, जावेनं कप तसाच परत केला. खड्डा व्हायच्या आधीच तिनं चूल वेगळी मांडली. सासूबाई एक वेळ इकडे, एक वेळ तिकडे जेवू लागल्या आणि कुठंच पोटभर जेवेनात.

सेंटर पुन्हा सुरू झालं. तवंग गेला, हळूहळू विहिरीचा वासही गेला. रविवारी मी म्हटलं, "आता गल्ल्यांच्या मोऱ्यांचं पाहू." काका म्हणाले, "पाहू हळूहळू." बाकीचे हातमोजे काढत राहिले. त्या मोऱ्या त्यांच्याच न्हाणीघरांतून निघत होत्या.

पुढच्या सभेत मी एकटीच बोलले. एक जण मोठ्यानं म्हणाला, "आधी आपलं घर पाहा म्हणा!"

दारापाशी माझा दीर उभा होता. तो तिथं आहे हे मला माहीतच नव्हतं. "घर पाह्यलं वहिनीनं," तो म्हणाला. "माह्या हातानं खड्डा खोदाले लावला. आता तुमचं बोला."

सरपंचांनी पुढचा विषय घेतला. मी बाहेर आले तेव्हा तो चपला घालत होता. "भाऊजी," मी हाक मारली. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

घरी जाऊ तिच्या दारात तांदूळ निवडत होती. "काय झालं सभेत?" तिनं विचारलं. कित्येक महिन्यांनी ती माझ्याशी बोलली होती.

"मोऱ्यांचं काही झालं नाही," मी म्हटलं.

"म्हंजे आमचंच झालं," ती म्हणाली आणि सूप उचलून आत गेली.