माझा मुद्दा उशिरा आला म्हणे

"यांच्याकडे दुर्लक्ष करा, साहेब. माझ्या अशिलाला कायदा कळत नाही."

हे समोरच्या वकिलानं म्हटलं असतं तर गिळलं असतं. म्हणाली माझीच वकील. सिल्व्हर पार्कच्या तिच्या ऑफिसात मी कौतुकानं सुकी मासळी घेऊन जायचे, तीच. पेटंट ऑफिसातल्या सुनावणीत मी बोलायला उभी राहिले, तर पदर ओढून तिनं मला खाली बसवलं. सगळ्यांसमोर.

भांडण माझ्या वलांडीचं. बोंबील वाळत घालायला आम्ही बांबूची वलांडी बांधतो. मी ती फिरती केली, वर जाळं लावलं. ऊन जाईल तिकडं वळवायची, कावळ्यांचा त्रास नाही. कोळीवाड्यातल्या बायका बघून गेल्या, आपापल्या अंगणात तशीच बांधली. मी कुणाला अडवलं नाही. आमच्यात कुणी अडवत नाही. मग एक इंजिनीअर आला. ताई ताई करत माझ्या घरी जेवला, फोटो काढले, आणि पेटंटचा अर्ज स्वतःच्या नावानं टाकला. माझा अर्ज गेला तो त्याच्यानंतर.

वकीलबाईला मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "मॅडम, त्याच्या आधीपासून अख्खं गाव ही वापरतंय."

"हे बोलायचं नाही. आधीच सगळ्यांना माहीत असेल तर पेटंट त्याला नाही आणि तुम्हालाही नाही. आपण फक्त चोरी म्हणायचं."

मी विश्वास ठेवला.

चोरी काही सिद्ध होईना. त्याच्याकडे ड्रॉइंग होती, माझ्याकडे नुसतं तोंड. म्हणून शेवटी मी उठले होते. तिनं बसवलं तरी बसल्या जागेवरून ओरडले, "साहेब, मला न्हाय मिलालं तरी चालंल. पन त्यालाबी देऊ नका. ती सगल्या गावाची हाय!"

साहेबांनी कागद चाळले. "हे तुमच्या लेखी म्हणण्यात कुठेच नाही. आता शेवटच्या सुनावणीत नवा मुद्दा घेता येणार नाही."

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, का दाबून ठेवलंत?

"अहो, जिंकलो असतो तर तुमचं नाव झालं असतं. माझंही."

माझंही! माझ्या अंगाची आग झाली. परक्यानं लुटलं ते कळतं. हिला तर मी आपली समजून सगळं सांगितलं होतं.

पेटंट त्याला मिळालं. आता गावात घरोघर नोटिसा आल्यात, वलांड्या काढा म्हणून.

मी काढणार नाही. कुणाला काढू देणार नाही. खेचू दे त्याला मला कोर्टात. तिथं उत्तर मी देणार. वकील कुणीही असो, पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत काय लिहायचं ते मी सांगणार, आणि ते लिहिलेलं वाचून घेतल्याशिवाय सही करणार नाही.