आक्काच्या अष्टराचा मधला गड्डा

आप्पांचा फोन मला कधी येत नाही. इतकी वर्षं आम्ही समोरासमोर राहतो, मधे पिरनवाडीची एवढीशी गल्ली. काही हवं असलं तर ते दारातून हाक मारायचे, नाहीतर आक्काला पिटाळायचे. त्यामुळे नवरात्र बसायच्या तोंडावर मी निपाणीला आईकडे गेले होते, तेव्हा सकाळी मोबाईलवर त्यांचं नाव दिसलं आणि हातातला चहा हातातच राहिला. "वैजू... आक्का गेली गं," एवढंच म्हणाले. आणि मग, "सावकाश ये. गडबड करू नगंस. हायवेचं काम चाललंय म्हंत्यात." आता काय म्हणावं या माणसाला! बायको गेली त्या सकाळी यांना माझ्या बसची काळजी. मी बेळगावपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडत आले. शेजारच्या बाईनं मला न विचारताच पाण्याची बाटली पुढं केली.

इंदूआक्का माझी नात्यानं कुणीच नव्हती, आणि तिच्याइतकी जवळची दुसरी कुणी नव्हती. वडगावच्या विणकरांची ही लेक. मागाच्या खडखडाटात वाढलेली, त्यामुळे हळू बोलणं म्हणजे काय ते तिला ठाऊकच नव्हतं. तिच्या घरात भाजी कुठली शिजतेय ते अख्ख्या गल्लीला कळायचं. आप्पा एका कारखान्यात फिटर होते. शेती थोडी होती, तीही गावाकडं भावांच्या ताब्यात. या बाईनं मग आपली सगळी शेती दारापुढच्या अंगणात केली, आणि त्या अंगणात राज्य होतं अष्टराचं. ॲस्टर म्हणायचं असतं, असं मी एकदा सांगून बघितलं. "माझ्या दारात आलंय तर माझ्यासारखंच बोलंल की," म्हणाली. विषय संपला.

ते आलं कुठून, तेही सांगते. आम्ही गल्लीतल्या बायका मिळून कणकुंबीला देवदर्शनाला गेलो होतो. परतताना एका घराच्या परसात कमरेएवढी झुडपं जांभळ्या फुलांनी वाकलेली दिसली, मधे पिवळा ठिपका असलेली. आक्का सरळ आत शिरली आणि त्या घरच्या बाईशी बहीण भेटल्यासारखी बोलायला लागली. इकडं बसची वेळ झालेली, आम्ही सगळ्या रस्त्यावर तोंडं वाकडी करून उभ्या. शेवटी आली ती ओल्या टॉवेलात एक मुळी गुंडाळूनच. घाटातली सगळी वळणं ते गाठोडं मांडीवर धरून बसली. मी म्हटलं, "दे की जरा माझ्याकडं, पोर आहे का ते?" तर म्हणाली, "पोरापरीस नाजूक हाय. पोर रडून तरी सांगतंय."

बाजारात दसऱ्याला मिळतं ते ॲस्टर तिला अजिबात चालायचं नाही. ते बी टाकून करायचं, एकदा फुललं की संपलं. "त्यो पाव्हणा. आला, जेवला, गेला. माझं अष्टर म्हंजे घरचं माणूस," म्हणायची. आणि खरंच, तिचं झाड मरत नसे. दिवाळी झाली, फुलं वाळली की ती काड्या वीतभर ठेवून छाटायची आणि आदल्या संध्याकाळी वाफा भिजवून ठेवायची. सकाळी पदर खोचून टिकावानं अख्खा गड्डा उपसून काढायची. जमिनीवर आपटला की माती गळायची आणि कडेनं कोवळे कोंब दिसायचे, प्रत्येकाला पांढऱ्या मुळ्यांची दाढी. ते हातानंच सुटे करायचे आणि हातभर अंतरावर लावायचे. मधला जून, लाकडासारखा झालेला भाग मात्र सरळ फेकून द्यायचा.

पहिल्या वर्षी तिनं मला त्यातले दोन कोंब दिले. मला आला राग! म्हटलं, ही बया एवढा थोरला गड्डा स्वतःला ठेवतेय आणि माझ्या हातावर दोन केस टेकवतेय. मी तसं बोलूनही दाखवलं, मी काही मनात ठेवणारी नव्हे. आक्का कमरेवर हात ठेवून हसली. "घे बाई, न्हे मधला. न्हायतर जल्मभर ऐकवशील." मी तो गड्डा शेणखत घालून, चांगली जागा बघून लावला. पावसाळ्यापर्यंत त्याला चार रोगट पानं आली, त्यांवर पांढरी भुरी चढली आणि झालं कल्याण! आक्कानं आंबट ताक फवारून बघितलं, माझं मन राखायला. पुढच्या वर्षी केळीच्या पानात गुंडाळून कडेचे कोंब घेऊन दारात उभी. "मधल्यानं पोरं दिली, त्याचं काम झालं. त्याला आता सुट्टी द्यायची असती," म्हणाली. "तुला लई शिकवलं गं शाळंत, पर ह्ये न्हाय शिकवलं." मी ते कोंब घेतले आणि त्याच दिवशी लावले.

श्रावणाच्या आधी ती एकेका फांदीचा शेंडा खुडायची, म्हणजे झाड उंच न जाता पसरतं. ते बघून आप्पांचा जीव वरखाली व्हायचा. "येतंय तवर मोडतीया! अगं, वाढू दे की!" आणि ही खुडत खुडत, "तुमच्या मिशीला कात्री लावताय तवा मी काय म्हंते का?" झुडपं वाढली की काठ्या रोवून त्यांना वडगावहून आणलेल्या मागाच्या उरल्यासुरल्या धाग्यांनी बांधायची. गुलाबी, मोरपंखी, जरीचे तुकडेसुद्धा. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची.

पण एक सांगायचं राहिलं. तो वाफा पुरता फुललेला आम्ही कुणी कधी बघितलाच नव्हता. कारण आक्का उजाडल्याबरोबर टोपली घेऊन फुलं खुडायची आणि घरोघर वाटायची. तुमच्या देवाला, तुमच्या फोटोला, तुमच्या सुनेच्या डोहाळजेवणाला. कुणी घेणारं नाही उरलं तर बसस्टॉपवर उभ्या असलेल्या शाळेच्या पोरींना. मी एकदा म्हटलं, "अगं, झाडावर ठेव की थोडी, तुला बघायला." तर म्हणाली, "मी बघून काय करू? मला म्हाईत हाय ती कशी दिसत्यात."

मागच्या वर्षी तिला बरं नाहीसं झालं. बेळगावच्या दवाखान्यात खेपा सुरू झाल्या. पावसाळ्यात ती कट्ट्यावर खुर्ची टाकून बसायची आणि शेंडे खुडायला मला लावायची. "हात जड हाय तुझा," असं प्रत्येक फांदीला म्हणायची. दिवाळीनंतर गड्डे फोडायची वेळ आली. माझ्या अंगणातलं अष्टर ड्रेनेजच्या खोदाईत गेलं होतं आणि गल्लीत बाकी सगळ्यांनी गाड्या लावायला फरशी घातलेली. आता होतं ते तिच्याच दारात. मी फोडते म्हटलं. तर म्हणाली, "आप्पांना सांगिटलंय." पण वर्ष गेलं तरी गड्डे काही फुटले नाहीत. मीही आजारपणाच्या धामधुमीत जास्त विचारलं नाही.

आणि मग नवरात्राच्या तोंडावर ती गेली. सुतकाचं घर, त्या दारातलं फूल कुठल्या देवाला चालणार? कुणीच खुडलं नाही. आणि तो वाफा फुलला... काय सांगू तुम्हाला! या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसतं जांभळं. मधमाश्यांचा आवाज माझ्या ओट्यावर यायचा. भेटायला येणारी माणसं चपला काढायच्या आधी तिथंच थबकायची. आप्पांनी खुर्ची वाफ्याकडं वळवून घेतली आणि दिवसभर बघत बसायला लागले. मला बघवायचं नाही. तिनं हे कधी बघितलं नाही, हेच सारखं मनात यायचं, आणि मग तिचाच राग यायचा.

दिवाळी झाली, फुलं करपली, तेव्हा खरी परिस्थिती दिसली. गड्डे मधून पोकळ झालेले, कडेचे कोंब एकमेकांवर चढलेले, खालून भुरी वर सरकत होती. मी आप्पांना म्हटलं, "औंदा फोडायलाच पाहिजे. मी करते, तुम्ही बसा." ते म्हणाले, "हात लावायचा न्हाय. तिनं लावलंय ते." चार दिवसांनी पुन्हा म्हटलं, तर तोंड फिरवलं. तिसऱ्यांदा मात्र चिडले. "तुझी हौस तुझ्या दारात कर जा!" मग मीही बोलले. "आप्पा, असंच राखून ठेवलंत तर पुढच्या दसऱ्याला नुसत्या काड्या राखाल." ते उठून आत गेले आणि दार लावून घेतलं. आठवडाभर आम्ही बोललो नाही. मी दारात रांगोळी काढतानासुद्धा तिकडं पाठ करून बसायचे.

एका सकाळी दारातून हाक आली. "वैजू, ये गं जरा." गेले तर वाफा भिजवलेला, टिकाव भिंतीला टेकवलेला. आप्पा माझ्याकडं न बघता बोलायला लागले. "गेल्या साली तिनं मला सांगिटलं हुतं. औंदा माझ्यानं हुत न्हाय, तुम्ही फोडा म्हणाली. मी म्हटलं, बरी हो, मग तूच फोड. चार दिसांनी परत म्हणाली, मी परत त्येच म्हटलं. मग तिनं म्हणायचं सोडलं." मग टिकाव हातात घेतला. "मी फोडलं असतं तर... ती बरी हुणार न्हाय हे मी कबूल केल्यागत झालं असतं न्हवं?"

आठवडाभर धरून ठेवलेला माझा राग कुठल्या कुठं गेला. ती बरी होणार नाही हे त्या दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही एकमेकांसाठी गप्प बसले होते. मी म्हटलं, "चला, ऊन व्हायच्या आत करू." आप्पांनी टिकाव घातला. त्या फिटरच्या राकट हातांना एकेक कोंब सोडवायला बराच वेळ लागत होता, पण एक मुळी तुटू दिली नाही. तोंडानं सारखं "हं... हं... ये, ये" चाललेलं. दुपारपर्यंत वाफा नव्यानं लागला, माझ्या दारातही एक रांग लागली. गल्लीतल्या घरांसाठी रिकाम्या डब्यांमध्ये कोंब भरून ठेवले, फरशी घातलेल्यांसाठीसुद्धा. त्यांना डब्यात लावता येईलच की.

मग उरले मधले गड्डे. तीन तर बोटांनीच भुगा होऊन गेले. थोरला, अगदी जुना, तेवढा आप्पांच्या हातात राहिला. वाळका, करडा, उलट्या सुगडाएवढा. मी म्हटलं, "ते टाकायचं असतं, आप्पा." "म्हाईत हाय," म्हणाले आणि फाटकाबाहेर कचऱ्याची गाडी थांबते तिथवर गेले. तिथं उभे राहिले. परत आले. "वैजू, ह्ये कुठं टाकू गं?"

मी तो त्यांच्या हातातून घेऊन कट्ट्याशी ठेवला. म्हटलं, "राहू दे आज."

त्यालाही आता बरेच दिवस झाले. कोंबांनी जीव धरलाय, नवी पानं आलीत, भुरीचा मागमूस नाही. आप्पा सकाळी तांब्या घेऊन निघतात, एकेका कोंबाला बेतानं पाणी घालतात. सगळं झालं की कट्ट्याशी येतात. तांब्यात तळाशी उरलेलं पाणी त्या वाळक्या गड्ड्यावर ओततात, हळूच, इकडं तिकडं बघून. मला माझ्या दारातून दिसतं. मी हाक मारत नाही.