निळ्या बनियनच्या मागे

सांगू की नको, असं मघापासून चाललं होतं माझं. पण तुम्ही चहा ओतलाच आहे, तर ऐका. माणूस रस्ता चुकतो, हे मान्य. पण स्वतः चुकून वर आणखी सात बायकांना चुकवणारी बाई तुम्ही पाहिली आहे का? नसेल, तर नीट बघून घ्या. समोर बसली आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. श्रीकांतची, म्हणजे आमच्या ह्यांची, बदली झाली म्हणून पुण्याहून बेंगळूरला आलो, त्याला जेमतेम सहा महिने झाले होते. आमचं लेआउट, म्हणजे आमची वसाहत, येलहंकाच्या वाटेवर. तिथल्या रहिवासी संघानं ठरवलं, एका रविवारी धावण्याची शर्यत घ्यायची. पुरुषांना दहा किलोमीटर, बायकांना पाच.

"मी धावणार," मी जाहीर केलं.

श्रीकांतच्या ऑफिसातले तिघं जेवायला आले होते. त्यांच्यासमोर हा म्हणतो कसा, "सुमन? अहो, दूध उतू गेलं तरी ही चालत जाते!"

तिघंही खो खो हसले. एकाला तर ठसका लागला. मी त्याला पाणी दिलं आणि मनात म्हटलं, थांबा लेकांनो!

दीड महिना रोज पहाटे उठले. पहिल्या दिवशी पिठाच्या गिरणीपर्यंत धावले आणि परत यायला रिक्षा केली. हसू नका! शेवटच्या आठवड्यात मी न थांबता पाच किलोमीटर धावत होते. सोबतीला शेजारच्या इंदूअक्का असायच्या. त्यांचं घराणं पिढ्यान्पिढ्या बेंगळूरचं. घरात मराठी, पण प्रत्येक वाक्याला कन्नडची फोडणी. वय अठ्ठावन्न. त्या धावत नसत, पदर खोचून झपझप चालत.

शर्यतीच्या सकाळी मैदानावर ही गर्दी! पुरुषांना निळे बनियन दिलेले, आम्हा बायकांना छातीवर लाल फिती. संघाचे सेक्रेटरी, मूर्ती, स्पीकरवर कन्नडमधून सूचना देऊ लागले.

"सुमन, कळतंय नव्हे? का सांगू?" अक्कांनी विचारलं.

आता इथे "सांगा" म्हणायला काय जात होतं माझं? पण नाही! भाजीवाल्याशी "स्वल्प कमी करा" आणि "सरी सरी", म्हणजे बरं बरं, एवढ्यावर सहा महिने काढलेली बाई मी. म्हटलं, "कळतं हो मला सगळं!"

तेवढ्यात मूर्ती ओरडले, "नीली बनियननवर हिंदे होगबेडी!"

नीली म्हणजे निळा. हिंदे म्हणजे मागे. होग म्हणजे जा. तेवढं येत होतं मला. राहिलं 'बेडी'. म्हटलं, बेडी घातल्यासारखं चिकटून जा, असं असेल!

अक्का पदर खोचायला बाजूला झाल्या होत्या. मी मागे वळून बायकांना सांगितलं, "निळ्या बनियनच्या मागे जायचंय. मागं राहू नका!" बहुतेकजणी माझ्यासारख्याच, नवऱ्याच्या बदलीपायी बाहेरगावाहून आलेल्या. त्यांना मी म्हणजे कन्नड पंडितच वाटले.

शिट्टी वाजली. निळे बनियन सुसाट सुटले, मागे मी, माझ्यामागे सातजणी. पहिल्याच चौकात मागून अक्कांची हाक आली, "सुमन, बलक्के! बलक्के!"

बळ लाव म्हणताहेत! काय भरून आलं मला! मी आणखी बळ लावलं आणि सरळ पुढे गेले.

एक किलोमीटर गेला, दोन गेले, चार गेले. परतायचं वळण काही येईना. निळे बनियन लांबवर ठिपक्यांएवढे झाले.

"सुमनताई," नागपूरची वर्षा धापा टाकत म्हणाली, "पाच किलोमीटर इतके लंबे असतात का हो?"

"इथले किलोमीटर मोठे असतील," मी म्हटलं. आई शप्पत, असं म्हटलं मी!

पुढे पाण्याचं टेबल लागलं. तिथल्या माणसानं माझी लाल फीत बघून डोळे मोठे केले आणि हातवारे करत बरंच काही सांगितलं. मी म्हटलं, "सरी, सरी!" आणि पाणी पिऊन निघाले. त्याच्याच पुढे एकदाचं वळण आलं. माझ्या डाव्या टाचेला फोड आला होता, पोटात कळ येत होती. दोघी रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या. मला सांगा, मी बसणार? ठसका लागलेला तो चेहरा डोळ्यांपुढे आला की पाय आपोआप उचलायचे. मी त्या दोघींनाही हाताला धरून उठवलं. अर्धं धावत, अर्धं लंगडत, आम्ही आठहीजणी परत निघालो.

शेवटी मैदान दिसलं. आणि मैदानाच्या टोकाला दोन खांबांमध्ये बांधलेली लाल रिबन! दोन्ही बाजूंना माणसं, फोटोग्राफर तयार. बायकांतली पहिली मीच! कुठून बळ आलं कोण जाणे, हात वर केले, छाती पुढे काढली आणि अशी सुटले, की रिबन तट्टकन तुटली!

टाळ्या? छे!

इंदूअक्का लगबगीनं आल्या. त्यांच्या हातात चकचकीत स्टीलचा डबा. पहिलं बक्षीस! का नाही मिळणार? पाच किलोमीटरची शर्यत पुरी केलेल्या त्या एकट्याच!

"अगं, होगबेडी म्हणजे जाऊ नका!" अक्का कुजबुजल्या. "निळे बनियनवाले दहाचे. बलक्के म्हणून बोंबलले मी, उजवीकडं वळ म्हणून!"

"मग ही रिबन?"

"नवीन वाचनालयाचं उद्घाटन गं! शर्यत संपून तास झाला."

तेव्हा कुठे मी समोर पाहिलं. पांढऱ्या सफारीतले प्रमुख पाहुणे, उघडी कात्री हातात धरून उभे. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्या गळ्यात लोंबणाऱ्या रिबनकडे, आणि फार अदबीनं हिंदीत विचारलं, "मॅडम, अब मैं क्या काटूँ?"

मी गळ्यातली रिबन सोडवू लागले. मागून श्रीकांतच म्हणाला, "सांग त्यांना, आता काही उरलं नाही. नाकसुद्धा तूच कापून मोकळी झालीस!"