यादीतली वरची ओळ

दारफाळणीच्या सणाला आमच्या घरात फोन उचलत नसत. हा नियम धर्मातला की बाबांचा, हे मी कधी विचारलं नाही. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, आणि दारफाळणी हा आमचा वर्षातला सगळ्यात मोठा उपास. एका संध्याकाळी बसायचं ते दुसऱ्या संध्याकाळी चांदण्या दिसेपर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. पांढरे कपडे घालायचे, दार लावून घ्यायचं, बाहेरच्या कुणाशी बोलायचं नाही आणि वर्षभरात जे काही चुकलं त्याची देवापाशी माफी मागायची. त्या रविवारी दार लावून आम्ही दोघं, बाप आणि मुलगी, आत बसलो होतो आणि आमचा फोन दुपारपर्यंत तीनदा वाजला. पहिल्यांदा मला राग आला. तिसऱ्यांदा भीती वाटली. का, ते कळायला यादीचं सांगितलं पाहिजे.

बाबा साताऱ्याला पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. आई गेल्यावर त्यांनी तिथलं भाड्याचं घर सोडलं आणि ते माझ्याकडे सांगलीला आले. मी माधवनगरच्या एका शाळेत गणित शिकवत असे आणि विश्रामबागेत दोन खोल्यांत राहत असे. आमचं छापील पंचांग दर वर्षी मुंबईहून टपालाने यायचं. त्यात सण असत आणि कोणत्या शनिवारी तोराचा, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाचा, कोणता भाग वाचायचा तेही असे. त्या वर्षीचं पंचांग बहुतेक साताऱ्याच्या जुन्या पत्त्यावर गेलं आणि तिथेच कुणीतरी रद्दीत घातलं. बाबांचा जीव कासावीस झाला. सांगलीत आमच्या समाजाचं दुसरं घर माहितीत नव्हतं, सिनेगॉगचा, म्हणजे आमच्या प्रार्थनाघराचा, तर प्रश्नच नाही. ते दर शनिवारी सकाळी खिडकीपाशी बसून तोच भाग वाचत, जो त्या वेळी पुण्यात वाचला जात असेल. म्हणायचे, "माणसं दोनच असली तरी पान सगळ्यांचं एकच पाहिजे."

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि कॉलेजजवळ इंटरनेटचं दुकान नुकतंच निघालं होतं. मी तिथे गेले. मोडेम बराच वेळ कर्कश ओरडला, मग आमच्या पंचांगाचं पान वरून खाली ओळीओळीने उतरायला लागलं. इंग्रजी वर्ष घातलं की आमचे सगळे सण, हिब्रू तारखा आणि दर शनिवारचं वाचन अशी सगळी यादी समोर. मला फार मोठेपणा वाटला. ज्या पंचांगासाठी बाबा पोस्टमनची वाट पाहत बसायचे, ते मी शाळेतून येता येता उतरवून आणत होते. पुढचे काही शनिवार मी घरी येऊन ऐटीत सांगत असे, या आठवड्याला अमुक अध्याय. बाबा पान काढून ठेवत.

मग आमच्या नवीन वर्षाचा सण आला आणि त्याच सुमारास बाबांची साखर इतकी बिघडली की त्यांना मिरजेला दवाखान्यात ठेवावं लागलं. सण तिथेच सलाइनखाली गेला. सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. मी दारफाळणीचा विषय काढल्यावर ते चिडलेच. म्हणाले, "उपास अजिबात नको. आणि तुमचे वडील ऐकणारच नसतील, तर एक दिवस. एक म्हणजे एक. घाम फुटला की साखर तोंडात घाला आणि तडक इकडे घेऊन या." त्या दिवशी इन्सुलिनचं इंजेक्शन किती कमी करायचं तेही त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. ती चिठ्ठी मी पर्समध्ये ठेवली आणि तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला. बाबांनी वयाच्या तेराव्या वर्षापासून एकही दारफाळणी सोडलेली नव्हती.

तारीख बघायला मी पुन्हा त्या दुकानात गेले. मशीन रिकामं होईना, डोक्यात औषधांच्या वेळा, घरी बाबा एकटे. यादीत त्या सणाच्या दोन ओळी होत्या. वरच्या ओळीत रविवार, खालच्या ओळीत सोमवार. मी वरच्या ओळीतली तारीख कागदावर उतरवली आणि निघाले.

घरी सांगितलं, "रविवारी आहे."

"म्हणजे शनिवारी दिवेलागणीला बसायचं," बाबा म्हणाले. आमचा दिवस आदल्या संध्याकाळी सुरू होतो, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. मग म्हणाले, "रविवारी? अडतीस वर्षं नोकरी केली, दर वर्षी या सणाला रजा टाकली. एकदा म्हणून रविवार आला नाही बघ."

"या वर्षी आला. कॉम्प्युटरवर बघून आलेय."

मी हे कुठल्या सुरात म्हणाले ते मला अजून ऐकू येतं. वर्गात ढ मुलाला दटावते तसंच म्हणाले होते.

शनिवारी दुपारी बाबा फोनपाशी खुर्ची घेऊन बसले. उपासाला बसायच्या आधी नातेवाईक एकमेकांना फोन करतात, काही चुकलंमाकलं असेल तर माफ कर म्हणतात. ठाण्याहून आत्याचा फोन दर वर्षी पहिला यायचा. त्या दिवशी एकही आला नाही. "शनिवार, आपला विश्रांतीचा वार, म्हणून कुणी करत नसेल," असं ते दोनदा म्हणाले. स्वतः करायला मात्र त्यांचा मान आडवा आला, कारण आत्या धाकटी. संध्याकाळी ते पांढरा सदरा घालून बसले आणि मी दार लावलं.

रविवारी सकाळपासून मी त्यांच्या कपाळाकडे बघत होते. दर अर्ध्या तासाने जवळ जाऊन चादर सारखी केल्यासारखं करायचे आणि हात लावून बघायचे, घाम आहे का. बाहेर गल्लीत गणपतीच्या मंडपात स्पीकर लागला होता. तीन वेळा फोन वाजून गेल्यावर शेजारच्या काकू खिडकीशी आल्या. त्यांचे यजमान मिलिटरीत होते, त्यामुळे सतत वाजणाऱ्या फोनची त्यांना धास्ती असे. आमचा दिवस त्यांना ठाऊक होता, म्हणून त्या लांब उभ्या राहिल्या.

"आवं बाई, मी बोलत न्हाई तुमच्याशी, नुसतं सांगतीया. तुमचा फोन लय येळ वाजतुया. कुनाचं काय बरंवाईट तर झालं न्हाई न्हवं?"

त्या गेल्या आणि मी मधल्या दारात उभीच राहिले. कोण करत असेल फोन? शाळेला सुट्टी. शेजाऱ्यांना आमचा दिवस माहीत. उरले आमचेच लोक. पण आमचा माणूस दारफाळणीला फोनला हात लावणार नाही. लावेल तो एकाच कारणाने, त्याची दारफाळणी आज नसेल तर.

आत बाबा मोठ्या माशाने गिळलेल्या योना प्रेषिताची गोष्ट वाचत होते, ती त्या दुपारी वाचतात. कोरड्या जिभेने शब्द अडकत होते. मी पर्समधला तारखेचा कागद काढला, त्यावर नुसती तारीख होती. दुकानातलं पान डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला आणि वरच्या ओळीतला पहिला शब्द आठवला. एरेव. म्हणजे आदली संध्याकाळ. पानाने एक दिवस आधीच मागे नेला होता आणि बाबांनी सवयीने आणखी एक मागे नेला. गणिताची बाई मी, एकच दिवस दोनदा वजा झाला आणि मला कळलं नाही. खरा उपास अजून सुरूच झाला नव्हता. तो त्या संध्याकाळी सुरू होणार होता.

माझी पाचावर धारण बसली. सांगितलं तर बाबा संध्याकाळी चार घास खातील आणि पुन्हा बसतील. एक म्हणजे एक, असं डॉक्टर म्हणाले होते. न सांगितलं तर, ज्या संध्याकाळी सगळे उपासाला बसतील, त्याच संध्याकाळी मी त्यांना सरबत देऊन उपास सोडायला लावीन, आणि उद्या, खऱ्या दारफाळणीला, त्यांना जेवू घालीन. साठ वर्षांत त्यांनी जे केलं नाही ते माझ्या हातून त्यांच्याकडून होईल.

फोन चौथ्यांदा वाजला. मी धावत जाऊन उचलला. आत्याच होती.

"अगं, सकाळपासून करतेय. दादाला दे, माफी मागायची राहिलीय."

"झोपलेत," मी हळू आवाजात म्हणाले. "मी सांगते त्यांना. त्यांनीही तुझी मागितलीय म्हणून समज."

"उपास धरू देऊ नकोस गं त्याला."

"नाही देत."

ठेवून वळले तर बाबा पुस्तकावरून बघत होते. "दारफाळणीला फोन उचललास?"

"शाळेतल्या एका बाईंचा होता. सारखा वाजत होता म्हणून." त्यांनी मान खाली घातली आणि पुढची ओळ वाचायला घेतली.

सूर्य मावळायला तासभर होता. मी स्वयंपाकघरात गेले, दार लोटलं आणि उभ्याउभ्या दोन केळी खाल्ली, तांब्याभर पाणी प्यायले, कारण मला उद्याचा दिवस काढायचा होता. भिंतीपलीकडे ते उपाशी वाचत होते. इतकं लाजिरवाणं मी दुसरं काही खाल्लेलं नाही. घास गिळताना कान बाहेर होते.

चांदण्या दिसल्यावर त्यांना मनुकांचं सरबत दिलं. मी पेला नुसता ओठाला लावला. बाबा खुशीत होते. "झाला बाई, निभावला," म्हणाले आणि गरम भात जेवले. त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला तो बघून मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून भीतीही वाटली.

सोमवारी डोकं दुखतंय म्हणून शाळेत कळवलं. सकाळी नेहमीचं पूर्ण इंजेक्शन दिलं, नाश्ता दिला. सगळं हात यांत्रिकपणे करत होते. दुपारी बाबांना वाढलं, वरणभात आणि दोडक्याची भाजी, आणि मी समोर बसून राहिले.

"तुझं ताट?"

"भूक नाही."

"सकाळी चहासुद्धा घेतला नाहीस." त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. मग अंगावरच्या कपड्यांकडे. मी पांढरी साडी नेसले होते. मला रंगीत नेसवेना म्हणून नेसले होते, आणि त्यांच्या लक्षात येणार नाही असं मला का वाटलं कोण जाणे. त्यांचा हात ताटातच थांबला.

"आज आहे?"

खोटं बोलायची ताकद माझ्यात उरली नव्हती. "हो," म्हणाले. दोन ओळींचं सांगितलं, आत्याच्या फोनचं सांगितलं, केळ्यांचंही सांगितलं. ते ऐकत होते. ते ताट बाजूला सारतील आणि पोटात इंजेक्शन गेलेलं असताना तसेच बसून राहतील, या भीतीने मी त्यांच्या ताटावरून नजर हलवत नव्हते.

"काल का नाही बोललीस?"

"तुम्ही परत धरला असता."

"धरला असता," ते म्हणाले.

सकाळचा नाश्ता नकळत झाला होता, त्याचा दोष माझ्याकडे होता, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मग त्यांनी भातावर वरण कालवलं आणि घास घेतला. एकेक घास नीट चावून, डोळे मिटून, सगळं ताट संपवलं. भाजी संपल्यावर त्यांनी आणखी थोडी मागितली, मी वाढली, तीही खाल्ली.

ताटात हात धुऊन झाल्यावर म्हणाले, "आता हे मी जाणून खाल्लंय. तू भरवलेलं नाही. वर कुणी विचारलं तर मी सांगेन. तू घाबरू नकोस."