शिंप्यांची मापं

३ मार्चला त्याच्या खात्यात ११,८४० रुपये जमा झाले. गिऱ्हाइकांची मापं ऑनलाइन जपणाऱ्या त्याच्या सॉफ्टवेअरची ही चौसष्ट शिंप्यांची महिन्याची वर्गणी.

त्याच दुपारी सगळी मापं पुसली गेली. सर्व्हरचं भाडं बायकोच्या जुन्या कार्डावरून जायचं. कार्डाची मुदत संपली होती आणि इशारे तो कधीच उघडत नसलेल्या ईमेलवर येत होते. त्याने सर्व्हरच्या कंपनीला नऊदा लिहिलं. नऊदा यंत्राचंच उत्तर आलं, "आपली विनंती मिळाली."

पहिला फोन सर्वांत म्हाताऱ्या शिंप्याचा आला.

"तूच म्हणालास ना, 'काका, मापांची वही रद्दीत घाला'?"

"काका, तुमचे पैसे परत करतो."

त्याने त्रेसष्ट जणांना वर्गणी परत केली. म्हातारा पैसे घेत नाही. मापं दे म्हणतो. त्याचे एकशे पंच्याऐंशी रुपये अजून द्यायचे आहेत.