वाटून घेतलेला काढा

डॉक्टर सबनीस गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी वॉर्डात एका मुलीच्या पोटाचे टाके काढत होते. दारात येऊन थांबलेल्या माणसाचं तोंड बघूनच मला कळलं. तरी मी टाके पूर्ण काढले, पट्टी बांधली, हात धुतले... आणि मग सामानाच्या खोलीत जाऊन पोटभर रडून घेतलं. काम अर्धवट टाकून रडणारी सिस्टर त्यांना चालली नसती. आता महिना होऊन गेलाय आणि लोक त्यांच्याविषयी गोड गोड बोलतायत. डॉक्टर गोडबिड काही नव्हते. खरं बोलणारे होते, आणि ते मला सांगायचंय.

साठच्या दशकात त्यांनी भाईंदरला मुलांच्या ऑपरेशनचं छोटं रुग्णालय काढलं, तेव्हा सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. चहूकडे मिठागरं आणि भातशेती, इथं कोण येणार? मी रत्नागिरीहून लग्न होऊन इकडे आलेले, नर्सिंग शिकलेली. पहिल्या दिवसापासून त्यांच्या हाताखाली. ऑपरेशनं उत्तम व्हायची. खरी लढाई नंतरची. ईथरची भूल उतरली की पोरांची छाती भरून यायची. टाके दुखतात म्हणून ती खोकायची नाहीत, खोल श्वास घ्यायची नाहीत, आणि कफ आतच साचायचा. एक मुलगी त्यातच गेली...

डॉक्टरांना स्वतःला दमा होता. मुंबईतले लिऊ नावाचे एक चिनी वैद्य त्यांना काढा द्यायचे. ज्येष्ठमध, संत्र्याची वाळवलेली साल आणि कसल्याशा दोन मुळ्या. दोघांची दाट मैत्री. चीनशी युद्ध झाल्यापासून लिऊंच्या दुकानाची पायरी गिऱ्हाईक चढेना, पोलीस मात्र चढायचे. डॉक्टर राजरोस जात राहिले. हा काढा मुलांना लागू पडला तर मुलं वाचतील आणि मित्राचं दुकानही, असं त्यांच्या मनात होतं. पण 'मला बरं वाटतं एवढ्यावर मुलांना देणार नाही, आधी तपासू', हा त्यांचा हट्ट. मुलांच्या आयांना समजावून, त्यांची परवानगी घेऊन आम्ही सुरुवात केली. एका खाटेवरच्या मुलाला काढा, शेजारच्याला नाही. छाती किती मोकळी झाली ते कळावं म्हणून प्रत्येकाने सकाळ-संध्याकाळ कागदाचं भिरभिरं फुंकून फिरवायचं.

सगळीच मुलं सारखी बरी व्हायला लागली आणि डॉक्टर चक्रावले. मग एका दुपारी मी बघितलं तर काय, जवळच्या गोडदेव गावची भीमाबाई लेकीचा काढा दोन पेल्यांत ओततेय. चौकशी केली, तर सगळ्याच आया तेच करत होत्या. डॉक्टर भडकले. भीमाबाई काही घाबरली नाही.

"शेजारचं पोर धापा टाकतंय नि मी आपल्याच पोरीला पाजू? आमच्यात असं न्हाय करत, डॉक्टर."

डॉक्टर एकदम खो खो हसत सुटले. इतक्या महिन्यांची मेहनत पाण्यात गेलेली आणि हा माणूस हसतोय, म्हणून मी वैतागले. ते म्हणाले, चूक त्यांची नाही, आपली आहे. इथली माणसं कशी वागतात ते आपण आधी बघायला हवं होतं. दुसऱ्या दिवसापासून नवी पद्धत. एक महिना सगळ्या वॉर्डाला काढा, पुढचा महिना कुणालाच नाही.

बरेच महिने असं चाललं आणि उत्तर आलं. काढ्याने काडीचाही फरक पडत नव्हता. मात्र काढ्याची असोत की बिनकाढ्याची, सगळीच मुलं पूर्वीपेक्षा लवकर मोकळा श्वास घेत होती. का, ते डॉक्टरांनीच ओळखलं. मोजमापासाठी आणलेलं भिरभिरं हेच औषध ठरलं होतं! खेळता खेळता पोरं छाती भरून श्वास घेत होती. त्यानंतर आमच्याकडे छाती भरून एकही मूल दगावलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

आता हे मित्राला कसं सांगायचं? मी म्हटलं, राहू द्या, कशाला दुखवता त्यांना, आधीच त्यांनी काय कमी सोसलंय. डॉक्टर ऐकतात कसले. मलाही बरोबर घेऊन गेले आणि दुकानात उभ्या उभ्या हिंदीत सगळं सांगून टाकलं. लिऊंनी बरण्यांकडे एकदा नजर टाकली आणि विचारलं,

"दूसरा बनाऊँगा, तो वो भी ऐसे ही देखोगे?"

"ऐसे ही देखूँगा," डॉक्टर म्हणाले.

पुढची सगळी वर्षं लिऊ नवनवे काढे आणत राहिले. बहुतेक नापास झाले. ऑपरेशननंतरच्या घशाच्या खवखवीवरचा एक पास झाला, तेव्हा दोघांनी सगळ्या वॉर्डाला जिलेबी खिलवली.

गेल्या आठवड्यात लिऊ आले. पार थकलेत. डॉक्टरांच्या खोलीत जाईनात, बाहेरच्या बाकावरच बसून राहिले, मांडीवर नव्या काढ्याची कागदी पुडी. मी शेजारी बसले. म्हणाले, "सिस्टर, अब मुझे सच कौन बोलेगा?"

मी रडले नाही. त्यांच्या मांडीवरची पुडी उचलली आणि म्हटलं, आधी आमच्या नव्या डॉक्टरीणबाईंना दाखवते. त्या हो म्हणाल्या, तर एक महिना देंगे, एक महिना नहीं देंगे. फिर मैं बोलूँगी.