गुरुवारचा दाजी, रविवारची ताई

चाकणच्या पट्ट्यात यंत्रं हजारो असतील, पण आमचे दाजी स्वतःच्या गळ्याची जेवढी निगा राखतात तेवढी त्यातल्या एकाचीही कुणी राखलेली नाही. भर मे महिन्यात मफलर, खिशात ज्येष्ठमध, आणि आवाज वाचवायचा म्हणून कंपनीत सुपरवायझरशी हातवारे. त्याने एकदा काळजीने त्यांना डॉक्टरकडे धाडलं, तर हे डॉक्टरला दोन कडवी ऐकवून आले.

या दाजींनी माझ्या ताईसोबत एक प्रेमगीत गायलं आणि आमच्या दुर्दैवाने ते गाजलं. कंपनीच्या बसमध्ये, कासारवाडीच्या सलूनमध्ये, जिथे जावं तिथे दाजी ताईला चांदण्यात बोलावत असतात. 'डोळ्यांत डोळे घातल्याशिवाय असं गाताच येत नाही,' असं लोक मोबाइलवर गाण्याखाली लिहितात. खरा प्रकार मला माहीत आहे, कारण रेकॉर्डिंगला माइक धरून मीच उभा होतो. दाजींची पहिली पाळी, ताईची दुसऱ्या कंपनीत दुसरी. त्यांची सुट्टी गुरुवारी, तिची रविवारी. त्या महिन्यात दोघांनी एकमेकांना जागेपणी पाहिलं असेल तर जिन्यातच. चिखलीत मित्राच्या शेडमध्ये गोधड्या टांगून दाजी गुरुवारी गायले, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत. रविवारी ताई गायली, कानात दाजींचा आवाज घालून, त्याच खुर्चीकडे बघत. मात्र गुरुवारी बंद असलेला शेजारचा पत्रे ठोकायचा प्रेस रविवारी चालू होता, आणि त्याची धपधप ताईच्या कडव्यांत उतरली. लोक म्हणाले, काय हृदयाचे ठोके घेतलेत! दाजींनी विनयाने मान लववली. "कल्पना माझीच."

ताईचं एकच मागणं होतं. "अहो, एकदा तरी समोरासमोर गाऊ की!"

"गाऊ की. शिफ्ट तर जुळू दे."

शिफ्ट काही जुळली नाही. शेवटी वाकडच्या एका हळदीत गायचं आमंत्रण आलं, तेव्हा ताईने हट्टच धरला आणि दोघांनी रजा टाकली. दाजींनी पहिलं कडवं दणक्यात घेतलं. मग त्यांच्याकडे बघत ताई गाऊ लागली. पुढे दाजींची ओळ आली, आणि गेली. दाजी आ वासून नुसते उभे. ताईनेच दोघांच्या ओळी गाऊन गाणं तडीला नेलं.

"काय दाजी, बसला ना घसा?" मी कशाला संधी सोडतोय!

मफलरने डोळे पुसत ते म्हणाले, "न्हाई रं. ही गाताना अशी दिसती, मला ठावंच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी पहाटे ते पहिल्या पाळीला निघाले. ताई सांगते, ती जागीच होती, डोळे मिटून, ते जाताना काहीतरी गुणगुणतील म्हणून. पण तिची झोप मोडू नये म्हणून दाजी जड सेफ्टी बूट हातात घेऊन, अनवाणी जिना उतरून गेले.